महाराष्ट्रातील महापौर आणि नगराध्यक्षांना खुले पत्र: सत्कार पुरे, आता वर्गणी काढा

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महापौर व नगराध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

आपल्या अभिनंदनाचे फलक अजून चौकाचौकांत लटकत आहेत, तेव्हा त्यात माझी भर नको. सरळ मुद्द्यावर येतो. आपण एकेकटे मंत्रालयात निवेदन घेऊन जाता, निवेदन देतानाचा फोटो काढता आणि एकेकटे परत येता. मुंबईच्या महापौरांपासून नगरपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत रीत एकच. निवेदनाचे पुढे काय झाले, हे विचारायचे तर परत तुम्हीच जायचे. तोवर महापौरांची अडीच वर्षे संपतात, आरक्षणाची सोडत निघते, खुर्चीवर दुसरे कोणी येते आणि निवेदन पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिले जाते.

परिषदा आपल्याकडे आहेत, हे मला ठाऊक आहे. अधिवेशने होतात, शाल-श्रीफळ होते, ठराव मंजूर होतात. नसते ते बारा महिने उघडे राहणारे कार्यालय आणि त्यात पगारावर बसणारी, आकडे गोळा करणारी, कायदा वाचणारी माणसे. ती असली की काय होते आणि काय होत नाही, हे सांगायला मी हे पत्र लिहितो आहे. उदाहरण कॅनडाचे घेतो. मुलगी तिकडे असल्याने जाणे-येणे झाले, आणि जन्म नगरपरिषदेच्या बांधकाम खात्यात गेल्यामुळे तिथेही माझे लक्ष धबधब्यांपेक्षा रस्त्यांकडेच जास्त गेले. तिथल्या नगरपालिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा इतिहास हाती लागला आणि तो वाचताना आपलेच कज्जे वाचतो आहोत असे वाटत राहिले.

आपल्याकडचा नेहमीचा कज्जा आधी सांगतो. पावसाळा संपतो, रस्त्याचे डांबरीकरण होते, आणि महिना उलटायच्या आत केबलवाले चर खोदायला हजर. पूर्वी निदान रस्ता फोडण्याचे शुल्क आपल्या दराने भरून घेता यायचे, आपल्या चार अटी घालता यायच्या. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे, म्हणजे रस्त्यातून केबल नेण्याच्या हक्काचे नियम यांनी मुदती बांधून दिल्या आहेत. मुदतीत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. इंटरनेट सगळ्यांनाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण हे नियम ठरत असताना रस्त्यांच्या मालकांच्या, म्हणजे तुमच्या वतीने कोण बोलले? मला तरी कोणी दिसले नाही.

कॅनडात नगरांची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती याच भांडणातून. साल १९०१. तेव्हा केबल नव्हती, टेलिफोनचे खांब होते. बेल टेलिफोन कंपनीला १८८० साली कॅनडाच्या संसदेने सनद दिली होती. दोन वर्षांनी तिचे काम ‘संपूर्ण कॅनडाच्या हिताचे’ असल्याचे संसदेने जाहीर केले. या घोषणेचा कायदेशीर अर्थ फार मोठा होता: कंपनी प्रांतांच्या हाताबाहेर गेली. आणि जी प्रांताच्या हाताबाहेर ती नगरपालिकेच्या तर कुठल्या कुठे, कारण तिथल्या १८६७ च्या घटनेत नगरपालिका हा निव्वळ प्रांतांचा विषय आहे. प्रांताने कायदा करून नगरपालिका काढायची, वाटले तर मोडायची. नगरपालिकेला स्वतःचे असे घटनात्मक स्थानच नाही, आजही नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामी येईल.

मॉन्ट्रियलला लागून वेस्टमाउंट नावाचे छोटे नगर आहे. तिथले महापौर विल्यम डाउ लाइटहॉल हे वकील होते आणि कवीही. महापौर कवी असला तर नगराचे काय होईल, अशी शंका आपल्याकडे कोणीही घेईल, पण या गृहस्थांनी व्यवहार चोख ओळखला होता. टेलिफोन आणि विजेच्या कंपन्या ओटावात जाऊन संसदेकडून सनदा आणतात आणि मग स्थानिक परवानगीची पर्वा न करता रस्ते खणतात. एकटे वेस्टमाउंट ओटावात जाऊन काय करणार? त्यांनी टोरोंटोचे महापौर ऑलिव्हर हाउलंड यांना बरोबर घेतले. १९०१ च्या ऑगस्टमध्ये टोरोंटोत नगरांचे प्रतिनिधी जमले आणि ‘युनियन ऑफ कॅनेडियन म्युनिसिपालिटीज’ स्थापन झाली. हाउलंड पहिले अध्यक्ष झाले. लाइटहॉल यांनी मानद सचिवाचे, म्हणजे पत्रे लिहिण्याचे काम अंगावर घेतले. मोठ्या शहराच्या महापौराला मान आणि छोट्या नगराच्या महापौराकडे काम, ही वाटणी मला फार हुशारीची वाटते.

पहिली मोठी लढाई मात्र नगरे हरली. टोरोंटो शहर विरुद्ध बेल हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, जिथे आपल्या मुंबई हायकोर्टाची अपिलेही जात. १९०४ साली निकाल लागला: कंपनीला रस्त्यावर खांब रोवायला नगरपालिकेची संमती लागत नाही. संघटना असूनही हे झाले. पण कोर्टात हरलेली गोष्ट संसदेत मांडायला ती शिल्लक राहिली, आणि एकेकट्या नगरांना नेमके हेच जमले नसते. १९०५ साली संसदेच्या समितीने टेलिफोनच्या सगळ्या कारभाराची चौकशी केली. पुढच्या वर्षी बेलचे दर रेल्वे आयुक्तांच्या मंडळाच्या नियंत्रणाखाली आले. मॅनिटोबा, अल्बर्टा आणि सस्कॅचवान या प्रांतांनी तर १९०९ पर्यंत आपल्या हद्दीतले बेलचे जाळे विकत घेऊन सरकारी टेलिफोन सुरू केला. हे सारे एका संघटनेमुळे झाले असे मी म्हणणार नाही, शेतकऱ्यांचा आणि प्रांतांचाही रेटा होता. पण त्या रेट्यात नगरांचा आवाज एक होता.

हे भांडण तिथे मिटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. २००१ साली व्हँकुव्हरच्या रस्त्यांखाली फायबर टाकणाऱ्या लेडकोर कंपनीच्या प्रकरणात दूरसंचार नियामकाने निर्णय दिला. नगरपालिकेला जागेचे भाडे आकारता येणार नाही, फक्त प्रत्यक्ष होणारा खर्च वसूल करता येईल. संघटना अपिलात गेली आणि २००२ साली हरली. शंभर वर्षांत खांबांची केबल झाली, निकाल तोच. तरीही ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणजे काय काय, हे ठरवून घेणे सोपे काम नव्हे. वारंवार खोदल्याने रस्त्याचे आयुष्य घटते त्याचे काय? त्याचा हिशेब मांडायला अभियंता आणि वकील एका टेबलाला बसावे लागतात. छोट्या नगरपालिकेत दोघेही नसतात.

पुन्हा जुन्या काळात येतो. १९३० नंतरच्या मंदीत बेकारांना मदत देण्याचा बोजा तिथे नगरपालिकांवर होता. घरपट्टी वसूल होईना आणि मदतीच्या रांगा वाढत गेल्या. कर्जाचे हप्ते थकले, काही नगरे दिवाळखोर झाली. तेव्हा मोठ्या शहरांच्या महापौरांनी आपली वेगळी परिषद काढली. म्हणजे एका देशात नगरांच्या दोन संघटना, आणि ओटावात दोन वेगवेगळी निवेदने. १९३७ साली त्यांना शहाणपण सुचले आणि दोन्ही एक झाल्या. नाव लांबलचक झाले: ‘कॅनेडियन फेडरेशन ऑफ मेयर्स अँड म्युनिसिपालिटीज’. १९७६ साली त्यातून महापौर वगळले गेले आणि ‘फेडरेशन ऑफ कॅनेडियन म्युनिसिपालिटीज’ हे आजचे नाव आले. नावातून महापौर काढले आणि नगरपालिका ठेवल्या, याकडे आपले लक्ष वेधतो. महापौर येतात आणि जातात.

त्याच वर्षी त्यांनी नगरपालिकांच्या पैशांवर एक अहवाल काढला. त्यात आपण तुटपुंज्या पैशांवर नाचणाऱ्या कठपुतळ्या आहोत, असे त्यांनी स्वतःबद्दल मथळ्यातच लिहिले. त्याआधी १९७२ आणि १९७३ साली केंद्र, प्रांत आणि नगरे अशा त्रिस्तरीय परिषदा भरल्या होत्या. तिसरी भरलीच नाही. प्रांतांना नगरे थेट केंद्राशी बोललेली आवडत नव्हती. १९८२ साली ब्रिटिश संसदेच्या हातातली घटना कॅनडात आणताना नगरांना तिच्यात स्थान मिळावे म्हणून संघटनेने जोर लावला. नवी घटना आली, त्यात नगरपालिका शब्द नव्हता.

इथपर्यंतचा इतिहास हरण्याचाच आहे, असे आपण म्हणाल. खरे आहे. मला आदर वाटतो तो त्यानंतर त्यांनी जे केले त्याचा. घटनेचा नाद त्यांनी बाजूला ठेवला आणि खड्डे मोजायला घेतले.

देशभरातल्या नगरांकडून माहिती मागवली. रस्ते, पूल, जलवाहिन्या आणि मलनिस्सारणाच्या वाहिन्या कोणत्या अवस्थेत आहेत, दुरुस्तीला किती लागतील? १९८५ साली आकडा आला: १२ अब्ज डॉलर. पायाभूत सुविधांची तूट, असे त्याला नाव दिले आणि तोच आकडा घेऊन ते दरवर्षी, दर निवडणुकीत, प्रत्येक पक्षाच्या दारी गेले. आठ वर्षांनी, १९९३ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाच्या जाहीरनाम्यात त्यांची मागणी आली. १९९४ साली ६ अब्ज डॉलरची योजना सुरू झाली, खर्चाचा एक तृतीयांश केंद्राचा, एक प्रांताचा, एक नगराचा. योजना संपली तरी मोजणी थांबली नाही. २००७ च्या अहवालात ती तूट १२३ अब्जांवर गेली होती. तेव्हाचे अर्थमंत्री जिम फ्लाहर्टी वैतागून म्हणाले की खड्डे बुजवणे हे केंद्र सरकारचे काम नव्हे. चांगलाच गदारोळ झाला. आणि पुढच्याच अर्थसंकल्पात, २००८ साली, याच अर्थमंत्र्यांनी पेट्रोलवरच्या कराचा नगरांना मिळणारा वाटा कायमचा केला.

हा वाटा मुळात २००५ साली सुरू झाला होता: पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर, शेवटच्या वर्षी लिटरमागे ५ सेंटांच्या बरोबरीला येईल असा. पुढे तो वर्षाला २ अब्जांवर स्थिर झाला, २०११ साली कायद्यात गेला आणि नंतर तो ठरावीक टक्क्याने वाढत जाईल असेही ठरले. २०२१ पासून त्याचे नाव बदलले आहे, पैसे तेच.

यातला एक तपशील मी तिथल्या एका नगरपालिकेतल्या माणसाकडून दोनदा विचारून खात्री करून घेतला, कारण विश्वास बसेना. ऑन्टॅरियो प्रांतात टोरोंटो सोडून बाकीच्या नगरांना हे केंद्राचे पैसे प्रांत सरकार वाटत नाही. ते वाटते नगरपालिकांची प्रांतिक संघटना. ब्रिटिश कोलंबियातही तसेच. केंद्राकडून पैसे संघटनेच्या खात्यात येतात, लोकसंख्येच्या हिशेबाने नगरांना जातात, आणि वापराचा हिशेबही संघटनाच गोळा करून केंद्राला देते. आता आपल्याकडचे चित्र आठवा. वित्त आयोगाचे अनुदान केंद्राकडून राज्याकडे येते, तिथून तुमच्याकडे, आणि मधल्या काळात तुमचा लेखापाल मंत्रालयातल्या कुठल्या तरी डेस्कला फोन करत बसलेला असतो.

ही संघटना सर्वशक्तिमान आहे असा माझा दावा नाही. २०१८ साली टोरोंटोत महापालिकेची निवडणूक ऐन रंगात असताना ऑन्टॅरियो सरकारने कायदा करून नगरसेवकांची संख्या ४७ वरून २५ केली. उमेदवार प्रचार करत होते आणि त्यांचे प्रभागच नाहीसे झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की प्रांताला तो अधिकार आहे. महाराष्ट्रातल्या कोणाही नगरसेवकाला हे वाचून परके वाटणार नाही. एक सदस्यीय प्रभाग, मग चार सदस्यीय, मग तीन, पुन्हा चार, हे आपण पाहिले आहे.

पण इथेच आपली आणि त्यांची स्थिती उलटी आहे. त्यांच्या घटनेत नगरपालिकांना संरक्षण नाही, आपल्या घटनेत आहे. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू आहे. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायचे अठरा विषय आहेत. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची, असे कलम २४३-यू स्पष्ट सांगते. असे असूनही मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासक होता. राज्यभर हीच कथा. कोर्टात वेगवेगळे लोक गेले, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, मान्य आहे. पण राज्यातल्या सगळ्या नगरपालिका मिळून, घटनेतले ते कलम हातात धरून न्यायालयात उभ्या राहिल्या, असे झाले नाही. उभे कोण राहणार? मुदत संपली की माजी झालेल्या नगरसेवकाला बसायला कार्यालयही नसते. कायमची संघटना असती तर ती माजी झाली नसती.

आणि जकातीचे पाहा. जकात म्हणजे महापालिकांचे स्वतःचे, रोज गल्ल्यात पडणारे उत्पन्न. बहुतेक महापालिकांत ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर संपली. आता भरपाई मिळते, राज्य सरकारकडून. जीएसटी परिषदेत केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात. ज्यांचे उत्पन्न गेले त्या नगरांचा एकही प्रतिनिधी तिथे नाही. हे नवेही नाही. १९५४ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थानिक स्वराज्याची केंद्रीय परिषद स्थापन झाली, तिचे सदस्य राज्यांचे मंत्री होते. लग्न आमचे आणि बोलणी करायला शेजारी, असा हा प्रकार सत्तर वर्षे चालू आहे.

आपल्याकडे या क्षेत्रात काहीच नव्हते असेही नाही. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ साली मुंबईत सुरू झाली. तिला आता शंभर वर्षे होत आहेत. सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा, एलएसजीडी, एलजीएस हे नगरपालिकेच्या कामाचे अभ्यासक्रम करूनच आमच्या पिढीतले निम्मे कर्मचारी पुढे सरकले. पण ती शिकवणारी संस्था आहे. वेतन आणि वर्गवारी यांसाठी कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, आणि त्या भांडतातही जोरात. अभियंत्यांचीही संघटना आहे. तुमचीच तेवढी नाही, म्हणजे आहे ती भांडणारी नाही.

तुमच्या अडचणी मी गृहीत धरतो. पहिली पक्षाची. कॅनडातल्या बहुतेक नगरांत निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, आपल्याकडे होतात. सत्ताधारी पक्षाच्या महापौराने आपल्याच सरकारविरुद्ध ठराव कसा मांडायचा? नाही मांडवणार. म्हणूनच बोलण्याचे काम कार्यालयाने करायचे. आकड्याला पक्ष नसतो. ‘महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या इतक्या किलोमीटर जलवाहिन्या मुदतीपलीकडच्या आहेत’ हे वाक्य कोणाच्या विरुद्ध नाही, पण ते दरवर्षी अर्थसंकल्पाआधी छापून आले की उत्तर द्यावे लागते.

दुसरी अडचण मोठ्या-लहानांची. मुंबईचा कायदा १८८८ चा वेगळा, बाकी महापालिकांचा १९४९ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा. मुंबईला वाटते आपल्याला कोणाची गरज नाही, आणि छोट्या नगरपरिषदेला वाटते मोठ्यांच्या गर्दीत आपल्याला कोण विचारतो. कॅनडातही हेच झाले होते, १९३७ पूर्वी. पुढे १९८३ साली त्यांनी संघटनेच्या आतच मोठ्या शहरांच्या महापौरांचा गट केला. मोठ्यांनी आपले वेगळे बोलावे, पण घर एकच. आज तिथल्या २,००० हून अधिक नगरपालिका सदस्य आहेत आणि देशाची ९० टक्क्यांहून जास्त लोकसंख्या त्यांच्या हद्दीत राहते.

तिसरी अडचण पैशाची, आणि ती सगळ्यात सोपी आहे. तिथे सदस्यांची वर्गणी लोकसंख्येच्या हिशेबाने ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या ५ कोटी ८ लाख होती. माणशी वर्षाला एक रुपया धरला तरी ५ कोटी होतात. त्यात मुंबईत एक कार्यालय, दोन-तीन अर्थतज्ज्ञ, दोन वकील, चार अभियंते आणि माहिती गोळा करणारी तरुण मुले आरामात बसतात. वर्गणीवर लेखापरीक्षणात हरकत येऊ नये म्हणून नगरविकास खात्याची मान्यता आधीच लेखी घ्या. हे मी अनुभवाने सांगतो. कार्यालयाचा प्रमुख निवृत्त सनदी अधिकारी नको. त्याला मंत्रालयाविरुद्ध लिहायची सवय नसते.

काम काय द्यायचे, तर पहिल्या वर्षी एकच: मोजणी. प्रत्येक नगरपालिकेतले रस्ते, जलवाहिन्या, गटारे, पूल, आणि मार्गाधिकाराखाली खोदलेल्या चरांची लांबी. किती रुपये मिळाले, दुरुस्तीला किती लागले. हे आकडे आज प्रत्येक बांधकाम खात्यात वेगवेगळ्या रजिस्टरांत पडून आहेत, कोणी एकत्र केलेले नाहीत. ते झाले की पुढचा राज्य वित्त आयोग बसेल तेव्हा त्याच्यासमोर चारशेच्या आसपास निवेदने न जाता एकच जाड अहवाल जाऊ दे.

पुढाकार कोणी घ्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी अडतो. माझी सूचना अशी की मुंबई, पुणे, नागपूरच्या महापौरांनी निमंत्रण काढावे आणि सचिवपद एखाद्या ‘क’ वर्ग, म्हणजे लहान नगरपरिषदेच्या अध्यक्षांना द्यावे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेले आहेत आणि त्यांच्यापुढे पाच वर्षांची मुदत आहे, महापौरांपुढे अडीचच. बैठकीचे टिपण तयार करायला कोणी नसेल तर मला कळवा, मी निवृत्त आहे आणि मला टिपणे लिहिता येतात.

आपला नम्र,
नगरपरिषदेचा एक निवृत्त उपअभियंता आणि नियमित घरपट्टी भरणारा नागरिक